चौदा नंबरचा कोयता

मी आजवर तीनदा माणसावर हात उचलला आहे आणि त्या मारापायी माझी झोप कधी उडाली नाही. झोप उडाली ती वेगळ्याच एका कामानं. तेव्हा मी कुणाला बोटसुद्धा लावलं नव्हतं. बीडमध्ये कापडाच्या दुकानावर आमच्या संस्थेच्या दोन खोल्या होत्या, तिथं पंख्याखाली बसून मी संगणकावर दोन ओळी लिहिल्या होत्या. त्या दोन ओळींनी एका बाईचं जे केलं, ते मुकादमाच्या खिळ्याच्या काठीलाही जमलं नव्हतं.

पण आधीचं सांगते, नाहीतर माझा राग कुठून येतो ते कळायचं नाही.

आमचं गाव शिरूर कासारकडचं. दिवाळी सरली की धडधाकट माणसं ट्रकात बसून ऊस तोडायला जातात आणि मागे म्हातारी, कुत्री आणि कुलपं राहतात. तोडीला नवरा-बायको जोडीनं जातात आणि त्या दोघांना मिळून एक कोयता म्हणतात. टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या तोंडी कुणाचं नाव नसतं. कोयता एक, कोयता दोन, कोयता तीन असा पुकारा होतो, आणि निघताना जो नंबर लागला तो परत येईपर्यंत चिकटून राहतो. एकटा गडी असला तर अर्धा कोयता. माझे आईबाप नऊ नंबरचा कोयता होते. मी मोळ्या वाहायला लागले तेव्हा मुकादम म्हणायचा, नवाला अर्धं पिल्लू झालं. सगळे हसायचे. माझा बापही हसायचा.

मी दहा वर्षांची असेन. एका सकाळी आई तापानं उठली नाही. मुकादम आमच्या कोपीत वाकून शिरला. कोपी म्हणजे पाचटाची झोपडी, ताठ उभं राहता येत नाही एवढी. त्यानं आईचे केस धरले आणि तिला फरफटत बाहेर काढलं. जाताना तिचं डोकं चुलीच्या दगडावर आपटलं. बाप दारातच होता. त्याच्या हातात कोयता होता, एका घावात जाडजूड ऊस आडवा करणारा, आणि तो नुसता उभा राहिला. ते मी त्याला अजून माफ केलेलं नाही. मी चुलीचा दगड उचलला. तो एका अंगानं गरम होता. मुकादमाच्या तोंडावर हाणला. भुवई फाटली, रक्त डोळ्यात उतरलं आणि तो आंधळ्यासारखा हवेत हात मारायला लागला. मला इतका आनंद झाला की मी दुसरा दगड शोधायला लागले.

तो हिशेब बापाच्या अंगावर चुकता झाला. मुकादमाच्या चौघांनी त्याला उसाच्या टिपऱ्यांनी झोडपलं आणि मग त्यानं मला झोडपलं. संध्याकाळी आईनं माझ्या पाठीला हळद लावली.

"मारलंस ते बरं केलंस," ती म्हणाली. "पर मार तुज्या बापाला बसला. तुजा दगड लई लांब जातू, पोरी."

मुकादम कुणी परका नव्हता, आमच्याच गावचा, भावकीतलाच होता. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं आई त्याच्याबद्दल उठताबसता म्हणायची.

दुसऱ्यांदा हात उचलला तो पुण्यात. वसतिगृहात राहून शिकले, संगणकाची नोकरी लागली. एकदा जेवणाच्या सुट्टीत एक जण रस्त्यात उसाच्या बैलगाड्यांमुळे खोळंबा झाल्याची तक्रार करत होता. बोलता बोलता म्हणाला, पुढचे बैल बरे, मागे बसलेली खरी जनावरं. माझ्या हातात स्टीलचा डबा होता. तो त्याच्या कानशिलावर बसला आणि भाजीचं तेल त्याच्या मानेवरून सदऱ्यात उतरलं. साहेबांनी माफी मागायला सांगितलं. मी म्हटलं, डब्याची मागते, त्याला पोचा पडलाय. महिनाभरात मी बीडला परत आले.

बीडमध्ये ऊसतोड बायकांसाठी काम करणारी एक छोटी संस्था होती. चार-पाच जणी, दोन खोल्या, एक गळकं पाण्याचं पिंप. त्यांना एक गोष्ट हवी होती. बायका लांबच्या कारखान्यांवर जातात, तिथं मार खातात आणि परत येईपर्यंत वळ मिटून जातात. मग कचेरीत विचारतात, पुरावा काय? तर ज्या दिवशी मार बसला त्याच दिवशी फोटो काढून बीडला पोचवायची सोय करायची. प्रत्येक टोळीतली वाचता येणारी एक बाई निवडायची, तिला फोन द्यायचा. टोळी निघाली की ती जोडप्यांचे फोटो काढून नोंदणी करणार, आणि काही घडलं तर तक्रारीचा फोटोही तीच टाकणार. हे सगळं ज्या वेबसाइटवर जमा होणार ती मी एकटीनं बांधली. आठवडाभर मी त्या खोलीतून हलले नाही आणि एवढी खूश मी आयुष्यात कधी नव्हते.

काम संपत आलं तेव्हा पुण्यातल्या माझ्या जुन्या वरिष्ठ बाईंना फोन केला. मला काम त्यांनीच शिकवलं होतं. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, फोटोची फाईल कुठल्या नावानं साठवतेस? मी म्हटलं, टाकणारी जे नाव देईल त्या नावानं. पाठवायच्या आधी एक चौकट येते, "फोटोला नाव द्या", तिथं ती लिहिते. बाई म्हणाल्या, असं करू नकोस. दोघींनी एकच नाव दिलं तर दुसरी फाईल पहिलीच्या जागी बसेल आणि पहिली कायमची जाईल. लोकांनी दिलेलं नाव नुसतं दाखवायला ठेव. आत प्रत्येक फाईलला आपला एक नंबर दे, पुन्हा कधी न येणारा.

नंबर म्हटल्यावर माझं डोकं सणकलं. राग तसा माझ्या नाकावरच असतो. मी म्हटलं, बाई, आमच्या माणसांना आयुष्यभर नंबरच मिळालाय, माझ्या साइटवर तरी त्यांना त्यांनी दिलेलं नाव राहील. त्या शांतपणे म्हणाल्या की हा नंबर माणसाला नाही, फाईलला आहे. मी ऐकून घेतलं नाही. फोन आपटला. तो टेबलावरून घसरून खाली पडला आणि त्याची काच तडकली. पुढं वर्षभर मी त्याच तडकलेल्या काचेवर बोट फिरवत होते.

आम्ही साइट तपासलीही. संस्थेतल्या सगळ्याजणींनी आपापले फोटो टाकले आणि खाली आपलं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. एकीचंही नाव दुसरीशी जुळलं नाही. सगळं बिनबोभाट चाललं.

आणखी एक शहाणपण मी केलं होतं. तक्रारीचे फोटो बायकांच्या अंगाचे असणार. ते कुणी उगाच उघडून बघत बसू नये म्हणून मी त्यांना कुलूप घातलं. फोटो पोचला की नोंदीवर हिरवी खूण यायची, पण तो उघडायचा थेट सुनावणीत, त्या बाईच्या समोर, तिला विचारून. संस्थेतल्या बायकांनी यासाठी माझं कौतुक केलं. कौतुक मला गोड लागलं, खोटं कशाला बोलू.

ऐन थंडीत तक्रार आली. टोळी आमच्याच तालुक्यातली, मुकादम दुसरा, कारखाना पार दूरचा. तिथं काय झालं ते मला नंतर त्या टोळीतल्या फोनवालीनं सांगितलं, म्हणजे जिला आम्ही फोन दिला होता तिनं.

चौदा नंबरच्या कोयत्यातल्या बाईला चार दिवस अंगावरून जात होतं. पाचव्या दिवशी ती फडात आली, पण तोडायला वाकली की घेरी यायची, म्हणून बांधावर बसली. मुकादमानं दोनदा उठवलं. तिसऱ्यांदा त्यानं शेजारच्या गाडीवरची पराणी उपसली. बैल हाकायची काठी ती, टोकाला खिळा असतो. त्यानं काठी उलटी धरली असती तरी एक वेळ ठीक होतं. त्यानं सरळ धरली. ती पळायला उठली आणि पाठमोरी झाली. पहिल्या टोच्याला चोळी फाटली. मग तो मोजून मारल्यासारखा मारत राहिला, मध्ये दम घेत, आणि ती उसाच्या खुंटांवर पालथी पडली. तोडलेल्या उसाचे खुंट तिरपे आणि धारदार असतात. तिचे तळहात आणि गुडघे त्यांनी फाडले. नवरा मध्ये पडला तर त्याच्या तोंडावर बुक्की बसली आणि पुढचा एक दात पडला. बाकीची माणसं तोडत राहिली. फोनवाली म्हणाली, मी पण दोन ऊस तोडले, ताई, हाताला कळंना काय करावं.

दुपारी फोनवालीनं तिला कोपीमागं नेलं. ती फोटोला तयार नव्हती. परक्या माणसांनी आपली पाठ बघायची, हेच तिला मारापेक्षा जड जात होतं. फोनवालीनं तिला समजावलं की फोटो कुलपात राहतो, एकदाच उघडतो, तोही साहेबापुढं. तू आपलं अंगभर पदर घेऊन बसायचं. तेवढ्यावर ती वळली आणि चोळी सोडली. फोनवालीनं फोटो काढला. चौकट आली, फोटोला नाव द्या. तिनं टोळीत जे म्हणतात ते लिहिलं: कोयता १४. थोड्या वेळानं पोचल्याचा निरोप आला.

अंधार पडायच्या आत मुकादमाला पत्ता लागला. त्यानं फोनवालीच्या दोन कानाखाली काढल्या, फोन हिसकला, बैलांच्या पाण्याच्या हौदाच्या कठड्यावर ठेवला आणि कोयत्याच्या पाठीनं ठेचला. काच उडाली, तुकडे हौदात पडले. फोनवाली रडायला लागली. तेव्हा चौदा नंबरची बाई, जिला पाठ टेकता येत नव्हती, ती तिला म्हणाली, फुटू दे, तिकडं पोचलाय.

फोनवालीनं हे सांगितलं तेव्हा मला अभिमान वाटला होता. आता तेच वाक्य कुणापुढं सांगायची लाज वाटते.

कारण नऊ-दहा दिवसांनी दुसऱ्याच एका टोळीत, दुसऱ्याच कारखान्यावर, एका जोडप्याचा नोंदणीचा फोटो राहून गेला होता तो तिथल्या फोनवालीनं टाकला. ते जोडपंही त्यांच्या टोळीत चौदावं होतं. तिनंही नाव दिलं, कोयता १४. दिलेल्या नावानं फाईल साठवणाऱ्या माझ्या त्या दोन ओळींनी तो फोटो निमूटपणे आधीच्या फोटोच्या जागी बसवला. आठवड्याची जी प्रत आम्ही दुसरीकडे ठेवायचो तीही त्याच रविवारी बदलली गेली. हिरवी खूण होती तशीच राहिली.

मला यातलं काही माहीत नव्हतं. मी निर्धास्त होते. सुनावणीच्या आधी मुकादमाचे दोघे जण आमच्या खोलीवर आले. एक जण गोडीत बोलला, की गावातलं प्रकरण गावात मिटवू, तो फोटो तेवढा काढून टाका. मी नाही म्हटलं. दुसऱ्यानं हातातलं हेल्मेट माझ्या संगणकाच्या पडद्यावर घातलं. एकदा, मग पुन्हा. पडदा काळा पडला. मग पिंपाला लाथ घातली आणि सगळ्या खोलीत पाणी झालं. मी त्यांना म्हटलं, आणखी फोडा, फोटो ह्या डबड्यात नाही. ते गेल्यावर मी ओल्या फरशीवर उभी राहून हसले. संस्थेतली एक जण म्हणाली, तुला भीती नाही का वाटत? खरंच वाटत नव्हती.

सुनावणी चैत्रात झाली, टोळ्या परत आल्यावर. एका कचेरीतली लांबट खोली, एका टोकाला साहेब, बाजूला कारकून, भिंतीशी दोन शिपाई. मुकादम पांढऱ्या कपड्यांत आला होता, गळ्यात उपरणं, सोबत पुढाऱ्याची चार माणसं. समोरच्या बाकावर चौदा नंबरची बाई आणि तिचा नवरा. मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. चाळिशीची, काटकुळी, डोक्यावरून पदर, दोन्ही खांद्यांवर घट्ट गुंडाळलेला. पुकारा नवऱ्याच्या नावानं झाला, कारण तक्रारही त्याच्याच नावानं नोंदली होती, ती आपली त्याची पत्नी. ती माझ्याकडे बघून किंचित हसली. मी तिला मावशी म्हटलं आणि विचारलं, उघडू का? तिनं मान हलवली.

मी कुलूप काढलं आणि लॅपटॉप साहेबांकडे वळवला.

पडद्यावर एक तरुण जोडपं होतं. कोपीसमोर उभं, त्याच्या डोक्यावर नवी टोपी, तिच्या अंगावर हिरवं लुगडं, काखेत करडू. दोघंही दात काढून हसत होते.

कुणाला काहीच कळेना. साहेबांनी पडदा बघितला, मग बाकावरच्या नवरा-बायकोकडे बघितलं आणि विचारलं, हे कोण? मी परत तीच फाईल उघडली. परत करडू. मी दुसरीकडची प्रत उघडली, तिथंही करडू. मुकादमानं मान लांब करून बघितलं.

"सायेब," तो म्हणाला, "हितं तर लई खुशीत दिसत्यात."

त्याची माणसं हसली. कारकूनही हसला, मग त्यानं हात तोंडावर घेतला. मला फक्त ते पांढरं उपरणं दिसत होतं. मी टेबल ओलांडून गेले, उपरण्याला पीळ घातला आणि त्याचं डोकं मागच्या भिंतीवर आपटलं. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा त्याचा ओठ फाटला. तो गुरगुरत होता आणि मला पुन्हा तोच दहाव्या वर्षीचा आनंद झाला. शिपायांनी मला मागून धरलं आणि हात पिरगळून भिंतीशी नेलं. साहेब उभे राहिले होते. ते म्हणाले, पुरावा नाही आणि वर साहेबापुढं मारहाण करता, हे प्रकरण आता बंद. कारकुनाला त्यांनी तसं लिहायला सांगितलं. मुकादम ओठाचं रक्त उपरण्याला पुसत खुर्चीवर बसला. त्याला आता काही करायची गरजच उरली नव्हती. माझा दगड पुन्हा लांब गेला होता.

तेवढ्यात ती बाई उठली. तिनं कुणाकडे बघितलं नाही. साहेबांच्या टेबलापाशी गेली, पाठमोरी झाली, खांद्यांवरचा पदर सोडला आणि चोळीची गाठ सोडून ती खाली उतरवली.

खोलीत नऊ-दहा पुरुष होते. पंखा फिरत होता, त्याचा आवाज मला तेव्हा ऐकू आला. वळ मिटले होते, पण खिळ्याच्या खुणा राहिल्या होत्या, पांढऱ्या, गोधडीवर टाके घालावेत तशा ओळीनं. मधली एक जखम अजून नीट भरलेली नव्हती. साहेब म्हणाले, बाई, बसा, असू द्या, बसा. ती बसली नाही.

"फोटु न्हाई ना? मग ही बगा," ती म्हणाली. "नीट बगा. मोजा आन् लिवा."

साहेबांनी मान खाली घातली. पुढाऱ्याच्या माणसांपैकी एकानं घातली नाही, तो बघत राहिला. तिच्या नवऱ्याची नजर फरशीवर होती, हात मांड्यांमध्ये, आणि मला माझा बाप दिसला. मला ओढणी काढून तिच्यावर टाकायची होती पण माझे दोन्ही हात शिपायांच्या मुठीत होते. सोडा म्हणून मी ओरडले, तर त्यांना वाटलं मी पुन्हा मुकादमावर जाणार, त्यांनी आणखी आवळलं. कारकुनानं खरोखर मोजलं. मोजताना त्याचे ओठ हलत होते. तो लिहीपर्यंत ती तशीच उभी राहिली.

प्रकरण बंद झालं नाही. गुन्हा दाखल झाला, मुकादम आत गेला. थोड्याच दिवसांत हार घालून बाहेरही आला, पण कागद झाला तो झाला.

कचेरीच्या पायऱ्यांवर मी तिला गाठलं. तिनं पदर पुन्हा तसाच घट्ट गुंडाळला होता. मी बोलायला तोंड उघडलं, पण तीच बोलली.

"फोटु कावून काढू दिलता म्या, माहीत हाय का? असं हुबं राहावं लागू न्हाई म्हणून."

आवाजात राग नव्हता. तिनं थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. मला मार कळतो.

मी खोलीवर आले आणि नोंदी उपसल्या. तेव्हा दिसलं की ती एकटी नव्हती. प्रत्येक टोळीत पहिला कोयता असतो, दुसरा असतो, चौदावा असतो. मला गावातल्या शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं की टोळीत माणसाला काय म्हणतात, आणि मी स्वतः नवाचं अर्धं पिल्लू होते. तरी नाव विचारल्यावर आमची माणसं नाव लिहितील असं मी धरून चालले. कारण खोलीत बसून चौकट तपासणाऱ्या आम्ही सगळ्याजणी नावांच्या बायका होतो. मी साइट दुरुस्त केली. प्रत्येक फाईलला पुन्हा न येणारी खूण, आणि दिलेलं नाव वेगळं, नुसतं दाखवायला. अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासासाठी मला स्वतःचे केस धरून भिंतीवर आपटावंसं वाटत होतं, आणि एकदा आपटलंही. कपाळावर टेंगूळ आलं.

पुण्याच्या बाईंना मी सगळं लिहून कळवलं. मी सांगितलं होतं ना, असं त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं की ती बाई कशी आहे.

मग गावी गेले. आई अंगणात बाजरी पाखडत होती. मी सगळं सांगितलं, उपरण्यापासून पायऱ्यांपर्यंत. कुऱ्हाडीचा दांडा असं ती आता म्हणेल आणि ते मला लागेल, म्हणून मी अंग चोरून बसले होते. ती तसं काही बोलली नाही. सुपातले खडे वेचत तिनं विचारलं, "नाव काय तिचं?"

मी सांगायला गेले आणि माझ्याकडे काही नव्हतं. मी तिला मावशी म्हणत होते. नोंदवहीत ती पत्नी होती. संस्थेत, फोनवर, फोनवालीशी बोलताना, मनातल्या मनात सुद्धा मी तिला चौदा नंबरची म्हणत होते. आईनं वर बघितलं नाही. बापानं मात्र ओट्यावरून बघितलं आणि आत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या गावी गेले. ती गोठ्यात शेण भरत होती. नवऱ्यानं खाट टाकली, हसताना पडलेल्या दाताच्या जागी बोट ठेवलं. मी तिला म्हटलं, मावशी, मी ती चूक दुरुस्त केली आहे, आता फोटो जाणार नाही. तुमच्या तक्रारीत जागा मोकळी आहे, तुम्ही म्हणाल तर पुन्हा एक फोटो काढते, फक्त मी, दार लावून. तिनं शेणाचे हात बादलीत बुडवले आणि सावकाश धुतले.

"नगं," ती म्हणाली. "ज्येंनी बगायचं त्येंनी बगितलं. आता कुलूप कशाला?"

मी लॅपटॉप उघडून बसले होते. तक्रारीतली फोटोची चौकट रिकामी होती, वर अजून तेच लिहिलेलं होतं, कोयता १४. मी ते खोडलं आणि तिला विचारलं, इथं काय लिहू? ती वाकून त्या पडद्याकडे बघायला लागली. तिला वाचता येत नव्हतं. मग तिनं तिचं नाव सांगितलं, माहेरचं आडनाव लावून, आणि मी लिहीपर्यंत थांबून पुन्हा एकदा सांगितलं. ते मी इथं लिहीत नाही, ते तिनं तक्रारीसाठी सांगितलं होतं. तिला ते मी त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं होतं.